दहापर्यंत मोजायचं होतं

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर मी मध्येच गप्प झाले, तेव्हा तुम्हाला वाटलं लाइन तुटली. धाकट्याने "आजी, ऐकू येतंय का?" असं तीनदा विचारलं. लाइन तुटली नव्हती. थोरली तिच्या अभ्यासाचं सांगत होती. पुष्कळ वायरलेस यंत्रं एकच हवा वाटून घेतात, त्यांच्यावर मुकादम कोणी नसतो. आपल्याजवळ किती निरोप तुंबलेत ते बघून किती थांबायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं, आणि अशा वेळी कोणाची रांग किती वाढते ते ती गणिताने काढते. मला कळावं म्हणून तिने अगदी सोपे शब्द निवडले. शेवटी म्हणाली, "अर्थात आजी, प्रत्येकजण नियम पाळतो असं आम्ही धरून चालतो." त्या वाक्याला मी गप्प झाले.

हे काम मी केलेलं आहे. गणित नव्हे, काम. आणि तो नियम मी पाळला नव्हता. तुमच्या आजोबांना यातलं अर्धं ठाऊक होतं, तुमच्या आईला काहीच नाही. माझा हात आता लिहिताना थरथरतो, पुढच्या वर्षी हे अक्षर कोणाला लागेल याची खात्री नाही, म्हणून आत्ताच लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत मी हे एकदा लिहिलेलं आहे, टाइप करून, दोन प्रतींत. त्यात एकही चूक नव्हती आणि ते खोटं होतं. म्हणून आता मराठीत.

लग्न होऊन मी चिंचवडला आले तेव्हा पिंपरीच्या रस्त्याला एकामागून एक कारखाने उभे राहत होते. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, टायपिंग आणि शॉर्टहँड येत होतं, म्हणून पंप बनवणाऱ्या एका कंपनीत स्टेनो म्हणून लागले. कंपनीच्या तीन जागा होत्या. पिंपरीला ऑफिस आणि जोडणीचा विभाग. भोसरीला लेथ मशीनचं शेड. आणि चाकणला एक मोठं आवार, कारण तिकडे जागा स्वस्त होती. लोखंडाचं ओतीव काम साच्यातून निघाल्यावर लगेच मशीनवर घ्यायचं नसतं. काही महिने ऊनपावसात उघड्यावर पडू द्यायचं असतं, नाहीतर ते नंतर वाकतं. याला माल मुरवणं म्हणत. चाकणच्या आवारात डावीकडे मुरलेला माल आणि उजवीकडे ताजा, असे ढीग असायचे. कोणत्या लॉरीत कोणता ढीग भरायचा ते पिंपरीहून सांगत.

टेलिफोनची त्या वेळची तऱ्हा तुम्हाला सांगूनही पटणार नाही. चाकणला कॉल लावायचा तर नंबर लावून बसायचं, आणि तोपर्यंत लॉरी निघून जायची. सत्तरीचं दशक निम्मं सरलं असेल, तेव्हा साहेबांनी खटपट करून सरकारी परवाना काढला आणि तिन्ही जागी वायरलेसचे सेट बसवले. साहेब म्हणजे आमचे वर्क्स मॅनेजर, तापट होते पण मनाने वाईट नव्हते. पिंपरीचा सेट माझ्या टेबलावर आला, कारण माझे उच्चार स्वच्छ होते. याचा मला अभिमान होता, तोही लिहून टाकते.

तिन्ही सेटना मिळून वाट एकच. एकाने बटण दाबून बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. दोघांनी एकदम बटण दाबलं तर ज्याचा सेट जास्त ताकदीचा, त्याचा आवाज जायचा. दुसरा हवेत विरायचा. त्यातून आणखी अडचण अशी, की बटण दाबलेलं असताना स्वतःला काही ऐकू येत नाही. म्हणजे तो बिचारा सगळा निरोप सांगून "ओव्हर" म्हणायचा आणि मग त्याला कळायचं, की आपण भिंतीशी बोललो. आमच्या गच्चीवर उंच खांब होता आणि आमचा सेट सगळ्यांत मोठा. म्हणजे विरायचं ते बहुधा चाकणने.

पहिले पंधरा दिवस नुसता गोंधळ झाला. साहेब म्हणाले, पिंपरीने एकेकाला नाव घेऊन विचारावं आणि विचारल्याशिवाय कोणी बोलू नये. तेव्हा चाकणच्या सेटवरच्या माणसाने, सेटवरूनच, दुसरी पद्धत सुचवली.

हा माणूस फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, मूळचा मावळातला. फौजेत त्याने हेच काम केलेलं. शिक्षण सातवी. आम्ही सगळे त्याला हवालदारच म्हणत असू. तो म्हणाला, "बाई, तुमी दर खेपंला इचारत बसला तर निम्मा दिस इचारण्यातच जाईल. ज्याच्याकडं काय न्हाई त्यालाबी इचारायचं, ह्यो कुठला न्याय? आमची रीत ऐका."

त्याची रीत अशी. प्रत्येकाच्या टेबलावर लाकडी ठोकळ्यात उभा खिळा असेल. निरोपाची चिठ्ठी आली की तिच्यावर वेळ घालून खिळ्याला टोचायची. बोलण्याआधी ऐकायचं. हवा मोकळी झाली की मनात मोजायचं. खिळ्यावर पाच किंवा जास्त चिठ्ठ्या असतील तर दोनपर्यंत मोजून बटण दाबायचं. तीन-चार असतील तर पाचपर्यंत. एक-दोन असतील तर दहापर्यंत. मोजता मोजता दुसरा कोणी बोलू लागला तर गप्प बसायचं आणि त्याचं झालं की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. एका खेपेला एकच चिठ्ठी. संध्याकाळी प्रत्येकाने "खिळा रिकामा" म्हणायचं, आणि तिघांचं ऐकल्याशिवाय कोणीही सेट बंद करायचा नाही.

"आणि दुसऱ्याच्या खिळ्यावर किती आहेत ते कसं कळणार?" मी विचारलं.

"कळत न्हाई. कळायची गरजच न्हाई. ज्यानं त्यानं आपला खिळा बघायचा."

"आणि कोणी खोटं मोजलं तर?"

सेटवर जरा खरखर झाली. मग तो म्हणाला, "बाई, फौजेत असं कुनी इचारलं न्हाई कधी."

भोसरीच्या सेटवर शेडचे मिस्त्री असत. लेथची दुरुस्ती आणि सेट दोन्ही त्यांच्याकडे. ते मध्येच बोलले, "मॅडम, माझ्या खिळ्यावर कालपासून डब्यातली चटणीची पुडी टोचलेली आहे. ती मोजायची का?"

"मिस्त्री, तुमच्या बटनाला ग्रीस लागलंय, हितवर वास येतोय," हवालदार म्हणाला.

"तुमच्या चाकणच्या कांद्याचा असेल तो. नाक पुसा, हवालदार."

साहेबांनी महिनाभर करून बघा म्हणून परवानगी दिली. ती रीत इतकी छान चालली, की मला आधी विश्वास बसेना. कोणी कोणाला हुकूम देत नव्हतं. ज्याच्याकडे गर्दी त्याला आपोआप आधी वाट मिळायची, त्याची गर्दी ओसरली की तो आपोआप मागे सरायचा. जेवणाच्या भोंग्यापर्यंत तिन्ही खिळे रिकामे होत. मी एक नोंदवही सुरू केली. डाव्या रकान्यात चिठ्ठीवरची वेळ, उजव्या रकान्यात निरोप हाती आल्याची वेळ. प्रत्येक जागेला वेगळं पान, लाल रेघा पट्टीने मारलेल्या. चाकणची चिठ्ठी कधी दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबली नाही. साहेबांनी वही बघून विचारलं, "ही रीत कोणाची?" तेव्हा मी म्हणाले, "आम्ही मिळून बसवली, सर." ही पहिली लाज. पुढच्या मानाने लहान आहे, पण तिथूनच सुरुवात झाली.

हवालदार तेव्हा हंगामी होता. वर्ष नीट गेलं तर त्याला कायम करायचं ठरलं होतं, आणि कायम झाल्यावर कंपनीच्या कॉलनीत एक खोली मिळणार होती. चाकणच्या आवारात तो पत्र्याच्या खोलीत एकटाच राहायचा. बायको गावाकडे, तिला गुडघ्यांनी चढउतार होत नव्हता आणि तिथे पाणी खालून आणावं लागे. हे त्याने मला सेटवर सांगितलं नव्हतं, सेटवर घरचं बोलायचं नाही हा त्याचाच नियम होता. पगारपत्रकाच्या कामासाठी तो पिंपरीला यायचा, तेव्हा माझ्या टेबलासमोर उभा राहून बोलला होता. "कॉलनीत नळ घरात हाय न्हवं, बाई?" एवढंच त्याने विचारलं. मी म्हणाले, "घरात आहे, दोन वेळ येतं." तो खूश झाला. पुढच्या खेपेला त्याने तेच पुन्हा विचारलं. मीही पुन्हा तेच सांगितलं.

आता माझी गोष्ट. तुमची आई तीन वर्षांची होती. दिवसभर ती शेजारच्या काकूंकडे असे आणि संध्याकाळी दाराशी येऊन उभी राही. कंपनीची बस सव्वापाचला सुटायची. ती चुकली तर फाट्यापर्यंत चालत जाऊन मिळेल त्या गाडीने घरी जायचं, म्हणजे पाऊण तास उशीर. आणि खिळा रिकामा झाल्याशिवाय उठायचं नाही हा नियम.

पहिल्यांदा मी खोटं मोजलं ते एका संध्याकाळी पाचला. खिळ्यावर एकच चिठ्ठी होती. दहा मोजायचे होते, मी तीनला बटण दाबलं. काही झालं नाही. कोणी ओरडलं नाही. बस मिळाली. दुसऱ्या दिवशी चार वाजताच तसं केलं. मग साहेब शेजारी येऊन उभे राहिले की मी तेच करू लागले, कारण ते म्हणत, "ऑफिस आपलं आणि थांबायचं आपणच?" ते नुसतं म्हणत, नियम मोडा असं त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे साहेब नसतानाही, सकाळीसुद्धा, मी दोनलाच बटण दाबू लागले. महिन्याभरात माझं बोट दहापर्यंत थांबायचं विसरूनच गेलं.

त्याचा परिणाम कुठे होत होता हे मला कळत होतं. ज्याच्या खिळ्यावर पाच चिठ्ठ्या त्याने दोनला बटण दाबायचं, आणि मीही दोनला. दोघांचं एकदम पडायचं, आणि माझा सेट मोठा. चाकणच्या पानावर उजव्या रकान्यातल्या वेळा हळूहळू मागे सरकू लागल्या. पंधरा मिनिटं, वीस, मग अर्धा तास. मी त्या वेळा रोज स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहीत होते.

त्या दिवशी पावणेपाचला माझ्या खिळ्यावर तीन चिठ्ठ्या होत्या. साहेबांची छत्री सकाळी भोसरीच्या शेडमध्ये राहिली, ती शोधून ठेवावी. उद्याच्या पाहुण्यांसाठी भोसरीला किती कप चहा लागेल. आणि पाहुण्यांना साखर वेगळी ठेवावी. तिन्ही दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थांबल्या असत्या तरी आभाळ कोसळणार नव्हतं. मी दोन मोजून छत्री सांगितली.

"काळी का, मॅडम?" मिस्त्री म्हणाले.

"काळीच. मूठ लाकडी."

"इथे सगळ्या काळ्याच आहेत. साहेबांचं नाव कोरलेलं आहे का तिच्यावर?"

मी दोन मोजून चहा सांगितला. दोन मोजून साखर सांगितली. प्रत्येक वेळी मी बटण सोडलं तेव्हा कानात एक बारीकसा खटका ऐकू आला, कोणीतरी नुकतंच बटण सोडल्याचा. तो खटका काय आहे हे मला पक्कं माहीत होतं. मिस्त्री म्हणाले, "भोसरीचा खिळा रिकामा, छत्री शोधायला चाललो." मी म्हणाले, "पिंपरीचा खिळा रिकामा." मग चाकणचं ऐकायचं होतं. घड्याळात पाच वाजून आठ मिनिटं झाली होती. मी सेट बंद केला, पर्स उचलली आणि जिन्याने खाली धावले. तुमची आई दारात उभी होती. मी तिला उचलून घेतलं, एवढंच त्या संध्याकाळचं मला आठवतं.

सकाळी सेट लावल्या लावल्या चाकणचा आवाज आला. रात्रभर जागल्यासारखा नव्हता, नेहमीसारखाच होता. "चाकणची चिठ्ठी, काल चार चाळीस. भोसरीसाठी लॉरी आली हाय. मुकादम इचारतो, डावा ढीग भरू का उजवा. ओव्हर."

मी विचारलं, "लॉरी आहे का अजून?"

"न्हाई. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकला. साडेपाचला मुकादमानं उजवा भरून दिला."

मी उजव्या रकान्यात आठ दहा लिहिलं. भोसरीला सांगायला हवं होतं, की काल आलेला माल ताजा आहे, मशीनवर चढवू नका. मी सांगितलंही, पण तोपर्यंत त्यांनी रात्रपाळीतच निम्म्याहून अधिक माल कातून ठेवला होता. तसेच पंपांत बसवलेले ते भाग काही आठवड्यांनी वाकले. गिऱ्हाइकाकडून पंप परत आले आणि साहेबांनी वही मागवली.

"चार चाळीसची चिठ्ठी आठ दहाला?" ते म्हणाले. "मध्ये काय करत होता हा? झोपला होता? मला प्रत्येक जागेचा तक्ता करून द्या. कोणाची चिठ्ठी किती थांबते ते कळू दे."

मी तक्ता केला. तीन महिन्यांचा, तिन्ही जागांचा, टाइप करून, दोन प्रती. पिंपरीच्या चिठ्ठ्या दोन-तीन मिनिटांत जातात. भोसरीच्या दहा-बारा. चाकणच्या अर्ध्या तासाहून जास्त. वर इंग्रजीत मथळा दिला, त्याचा अर्थ 'चाकण येथील विलंब'. पिंपरीचा विलंब कमी का, हा प्रश्न तक्त्यात कुठेच नव्हता. सगळे आकडे खरे होते. माझी इतकी सुबक टाइप केलेली दुसरी प्रत मला आठवत नाही.

हवालदाराला पिंपरीला बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला. साहेबांच्या दारावरचा दिवा लाल होता, म्हणून तो माझ्या टेबलाशी थांबला. त्याने माझ्या खिळ्याकडे बघितलं. एक चिठ्ठी होती.

"बाई," तो हळू म्हणाला, "एका चिठ्ठीला तुमी किती मोजता?"

"दहा," मी म्हणाले.

"व्हय," तो म्हणाला.

दिवा हिरवा झाला. पाच मिनिटांनी साहेबांनी मलाही आत बोलावलं. हवालदार टेबलापासून दोन पावलं मागे, सरळ उभा. साहेब म्हणाले, "हे म्हणतात, बटण दाबलं पण आवाज पोचत नव्हता. चाकणच्या सेटमध्ये बिघाड आहे का?"

"नाही, सर. गेल्याच महिन्यात तपासलाय."

"मग हवेत काही अडचण?"

उत्तर द्यायला मला किती वेळ लागला असेल? हवालदाराच्या रीतीने मोजलं असतं तर दोन. "मला तरी नाही जाणवली, सर," मी म्हणाले.

हवालदार माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. साहेबांनी त्याला विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय?" तो म्हणाला, "न्हाई, साहेब. बाईंनी सांगितलं त्ये सांगितलं."

त्याला सेटवरून काढलं आणि चाकणच्याच आवारात फाटकावर ठेवलं. फाटकाची माणसं ठेकेदाराची, त्यांना कायम करत नसत. कॉलनीतल्या खोलीचा विषय संपला.

याच्या पुढचं लिहायला मला सगळ्यांत जड जातंय. चाकणच्या सेटवर नवा माणूस आला, आयटीआय झालेला, हुशार. त्याच दिवसापासून मी नीट मोजू लागले. लाज वाटली म्हणून, आणि दुसरं काय. एका चिठ्ठीला दहा, अगदी ओठ हलवून. दोनदा बस चुकली, चालत गेले. पंधरा दिवसांत चाकणच्या चिठ्ठ्या पुन्हा दहा मिनिटांच्या आत येऊ लागल्या. साहेबांनी वही बघितली आणि खूश होऊन म्हणाले, "बघा बाई, माणूस बदलला आणि काम कसं सुधारलं! मी म्हणत नव्हतो?"

माझ्या खऱ्या मोजण्यानेच त्याच्यावरचा आळ पक्का केला. त्या क्षणी एक वाक्य पुरेसं होतं. सर, माणूस नाही बदलला, मी बदलले. हे वाक्य मी मनात मराठीत जुळवलं, इंग्रजीत जुळवलं. मग साहेबांनी डिक्टेशन द्यायला सुरुवात केली आणि मी वही उघडली.

भोसरीच्या मिस्त्रींना कळलं होतं. एकदा दुपारी हवा मोकळी असताना ते म्हणाले, "मॅडम, हल्ली तुम्ही फार उशिरा बोलता. तब्येत बरी आहे ना?" त्यांच्या आवाजात नेहमीची गंमत नव्हती. "बरी आहे," मी म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला सेटवर कधी चिडवलं नाही. ते माझ्याशी फक्त चिठ्ठीपुरतं बोलत.

वर्षभराने मालाच्या मोजदादीसाठी मी ऑफिसच्या जीपने चाकणला गेले. फाटक हवालदारानेच उघडलं. सलाम केला. बाकीचे आत गेले आणि मी मागे राहिले. सेटच्या खोलीची खिडकी फाटकाजवळच होती आणि नव्या माणसाचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"आता दहा मोजता," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं कळलं?"

"खिडकी उघडी असती. आइकू येतं." तो फाटकाची कडी लावत बोलत होता. "तवाबी कळत हुतं, बाई. खिळ्यावर पाच असल्या तर पाच बोलाव्या लागत्यात. तुमी दोनाला बटन दाबायचा, एक बोलायचा, आन् मग जरा येळ गप. मंजी खिळ्यावर एकच हुती."

"मग साहेबांसमोर का नाही बोललात?"

"म्या बोलून काय हुतं? तुमच्याजवळ वही. माझ्याजवळ कान." कडी बसली तसा म्हणाला, "मला वाटलं तुमी बोलाल."

मी म्हणाले, "मी आता सांगते. उद्याच सांगते साहेबांना."

तो हसला नाही, रागावलाही नाही. "सांगा की. मी न्हाई कुठं म्हणतो? साहेब तुमच्या शेजारच्याच खोलीत बसतो."

तुम्हाला वाटेल, तो म्हणाला असेल की जाऊ द्या बाई, झालं गेलं. नाही. त्याला ती खोली हवी होती, बायकोला आणायचं होतं, आणि मी सांगावं असं त्याला स्वच्छ वाटत होतं. परत येताना जीपमध्ये मी पहिलं वाक्य ठरवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या दारावरचा दिवा लाल होता. त्याच्या पुढच्या दिवशी हिरवा होता, आणि मी टपाल आत नेऊन ठेवलं आणि बाहेर आले. असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. साहेबांची बदली झाली. नवे साहेब आले, त्यांना हवालदार कोण हेच माहीत नव्हतं. मी स्वतःशी म्हणाले, आता सांगून काय उपयोग. त्याचा उपयोग होता. नव्या साहेबांनी जुनी फाइल उघडली असती, माझी नोकरी कदाचित गेली असती, कदाचित नुसती समज मिळाली असती. तुमच्या आजोबांचा पगार होता, आपल्या घरी चूल बंद पडली नसती. मला भीती नोकरीची नव्हतीच. सुवाच्य अक्षराची, स्वच्छ उच्चारांची, कधी न चुकणारी बाई म्हणून मला सगळे ओळखत होते, ते मला सोडवेना.

थोरलीने सांगितलं होतं, की सगळ्यांवर एकच मुकादम नेमला तर जास्त बरं नाही का, असं लोक तिला विचारतात. तिला सांगते, हवालदाराची रीत बरी होती. तीत काहीच चूक नव्हती. फक्त एका माणसाचं खोटं ती सहन करत नाही, आणि ज्याचं खोटं असतं त्याच्या पानावर ते दिसत नाही. ते ज्याचं खरं असतं त्याच्या पानावर दिसतं. तुझ्या गणितात यासाठी काही जागा असेल तर बघ.

ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांत चाकणला बरे टेलिफोन आले आणि सेट काढून टाकले. गच्चीवरचा खांब भंगारात गेला. त्याच सुमारास चाकणहून कोणीतरी आलं, त्याच्याकडे मी चौकशी केली. हवालदार फाटकाचं काम सोडून गावी गेला होता. कायम न होताच. गावाचं नाव मला त्याने एकदा सांगितलं होतं, ते मला अजून आठवतं. मी तिथे कधी गेले नाही.

नोंदवही मी नोकरी सोडताना घरी आणली. ती माझ्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, तुमच्या आईच्या शाळेच्या दाखल्यांखाली आहे. पुठ्ठ्याला वाळवी लागलेली नाही. चाकणच्या पानांवरच्या सगळ्या वेळा वाचता येतात.